अर्धी गोळी

वनिता,

आपल्या दहावीच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकलाय. अंगणवाडीच्या दारात उभी आहेस, मोरपंखी साडी, गाल गोबरे आणि डोळे त्या गालांत बुडालेले. खाली जोडलेल्या हातांची आणि पणत्यांची रांग लागली आहे. एकीनं लिहिलंय, 'किती छान तब्येत झाली होती गं हिची, आणि असं अचानक कसं झालं?' दुसरीनं लिहिलंय, 'शोभा, तू तिच्या सगळ्यात जवळची, तूच दोन शब्द लिही.' मी खरंच दोनच शब्द लिहिले. भावपूर्ण श्रद्धांजली. बाकीचं इथे लिहितेय, आणि हे मी कुणाला दाखवणार नाही.

कारण मला तुझे गुण गायचे नाहीत. मी तुझ्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात; म्हणोत बापडे. तू असतीस तर जव्हारहून पहिली जीप पकडून खोडाळ्याला उतरले असते, तिथून तुझ्या पाड्यापर्यंत चालत आले असते आणि तुझ्या ओट्यावर उभी राहून सगळ्यांच्या देखत भांडले असते. तू मला ती सोयसुद्धा ठेवली नाहीस.

ती छान तब्येत नव्हती, हे ग्रुपवरच्या कुणाला ठाऊक नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालल्या की तोंड असं गोल होतं. माझ्या मेडिकलच्या काउंटरवर अशी तोंडं येत असतात, मी लांबून ओळखते. तुझ्या पाड्यात मात्र तुला बघून बायका म्हणायच्या, 'बाई आता अंगात भरल्या, देवानं नजर फिरवली.' आपल्या डोंगरात भरलेल्या तोंडाएवढी चांगली बातमी दुसरी नाही. वाळलेली पोरं बघतच आपण मोठ्या झालो, आणि तू तर पुढे तेच काम धरलंस. टांगत्या काट्यावर पोरं तोलायची, दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची, लाल दिसला की त्या आईच्या मागे लागायचं. तुझ्या डोळ्यांना एकच आजार ओळखता यायचा, वाळण्याचा. बाकी कुठलाही आजार तुला आजार वाटायचाच नाही.

तुझा स्वतःचासुद्धा वाटला नाही. रोज दिवेलागणीला ताप चढायचा, अंगावर गुलाबी पुरळ उठायचं, सांधे धरायचे, आणि सकाळी तू पुन्हा पोरांना खिचडी वाढायला हजर. मलेरिया म्हणून गोळ्या खाल्ल्यास, टायफॉइड म्हणून खाल्ल्यास. भगतानं कोंबडं मागितलं, तेही दिलंस, आणि मला सांगताना हसलीस. 'कोंबडा फुकट नाय गेला, रस्सा झकास झालता.' शेवटी मी तुला ओढत नाशिकला नेलं.

ते डॉक्टर मला आवडले होते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ते कुणा गोऱ्या डॉक्टरचं आडनाव होतं. तू लगेच म्हणालीस, 'त्याचा आजार मला कसा काय झाला, मी तर त्याला बघितला पण नाय.' डॉक्टर हसले आणि मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी नीट समजावलं. अंगात दोन पहारे असतात. एक शिकलेला असतो. गोवर एकदा येऊन गेला की तो त्याला पुढच्या वेळी चेहऱ्यानं ओळखतो. दुसरा जन्मापासूनचा. त्याला नाव-गाव काही कळत नाही. काही परकं दिसलं, काही मोडलेलं दिसलं की तो आरोळी ठोकतो आणि आग लावतो. ताप, सूज, लाली, ठणका, ही सगळी त्याचीच कामं. तो नसता तर आपण पहिल्याच जखमेत गेलो असतो. पण चोर पळाला की त्यानं गप्प बसायला हवं. 'तुमच्यात तो गप्प बसत नाही,' डॉक्टर म्हणाले. 'चोर आलेलाच नाही, तरी रोज संध्याकाळी आरोळी.'

तू विचारलंस, 'म्हणजे बाहेरून काहीच नाय आला?'

'काही नाही. जंतू नाही, गाठ नाही. जे करतायत ते घरचेच.'

तुझा चेहरा तेव्हा पडला, वनिता. आजार मोठा आहे हे ऐकून पडला नव्हता. माझंच अंग माझ्यावर उठलं, याचा तुला अपमान वाटला. आज मला तो अपमान कळतो.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस. त्र्यंबक मागे पडलं आणि उतारावर राब भाजायला घेतलेले दिसले. पेरणीआधी शेताच्या तुकड्यावर शेण, डहाळ्या, पाला पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवायचं, म्हणजे तण मरतं आणि नागलीचं रोप जोमानं येतं. मी गावातली, मला हे तूच शिकवलेलं. तू खिडकीतून धुराकडे बघत म्हणालीस, 'ताप म्हणजे अंगाचा राब, शोभे. वाईट जळून जातं. तू गोळी देऊन विझवलीस तर जळणार काय?'

मी म्हटलं, 'राब पेटवून तुझा बाप घरी जाऊन झोपायचा का?'

'नाय. वाऱ्याकडे तोंड करून पेटवायचा, म्हणजे आग सावकाश सरकते. आणि ओल्या डहाळ्या घेऊन कडेला उभा राहायचा.'

'आणि कुणी उभं नसलं तर?'

'मग रान पेटतं.'

'तुझ्या अंगात कडेला कुणी उभं नाही. गोळी म्हणजे ती ओली डहाळी.'

तू मान उडवलीस. 'तू दुकानातली. तुला काय कळतोय राब.' मोखाड्याला उतरेपर्यंत आपण भांडलो. पुढच्या बाकावरची बाई वळून वळून बघत होती. तो वाद आपण कधी संपवला नाही, पण गोळ्या घ्यायचं तू कबूल केलंस. माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलंस. त्या हातावर मी विसंबले.

नंतरचं सगळं मी चोख केलं. दर महिन्याला गोळ्यांच्या पट्ट्या पाकिटात घालून खोडाळ्याच्या जीपवाल्याकडे द्यायचे. डॉक्टरांच्या कागदावर जेवढ्या असतील तेवढ्याच, एकही जास्त नाही. त्या बाबतीत मी सख्ख्या भावालाही सोडत नाही, हे तुला माहीत होतं. दर आठवड्याला फोन करायचे. 'घेतेस ना?' 'घेते गं बाई, सासूपेक्षा वाईट आहेस.' ताप उतरला, पुरळ गेलं, तोंड भरलं. मी देवाला नारळ दिला. हसू नकोस.

मग भाताला कणसं धरायच्या दिवसांत ताप परत आला, आणि या वेळी उतरेना. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. नाशिकला तेच डॉक्टर होते. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, गोळ्या पुऱ्या चालू आहेत ना, मधे सोडल्या नाहीत ना? तू पलंगावर होतीस. तू माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, 'पुऱ्या. हिला विचारा.'

हिला विचारा! आणि मी छाती पुढे काढून सांगितलं, 'डॉक्टर, मी स्वतः पाठवते. माझी गॅरंटी.'

त्यामुळे काय झालं माहीत आहे? डॉक्टर म्हणाले, एवढी गोळी चालू असताना हा आजार असा उसळणार नाही, म्हणजे या वेळी खरंच कुठला तरी जंतू शिरलाय. मग तपासण्यांवर तपासण्या. रक्त नेलं, लघवी नेली, छातीचे फोटो, पोटाची सोनोग्राफी. चोर शोधण्यात दिवस गेले, आणि चोर नव्हताच. तोवर तुझे पहारेकरी तुझं रक्तच खायला लागले होते. डॉक्टरांना शेवटी कळलं, त्यांनी सगळं बदललं, आरोळीचा निरोप मधल्या मधे अडवणारं इंजेक्शन मागवलं. ते आलं तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस.

मी तेव्हाही म्हणत होते की औषध हरलं. तुझ्या नवऱ्याला मी तेच सांगितलं. भाऊजी, सगळं केलं, औषधालाच यश आलं नाही. ते बिचारे मान हलवत राहिले आणि मलाच चहा आणून दिला.

तुझ्या दिवसकार्याला मी पाड्यावर आले. मांडव घातला होता, भात शिजत होता. पोशेऱ्याहून तुझी धाकटी बहीण आली होती. संगीला मी खूप दिवसांनी बघत होते. माझ्या आठवणीतली संगी म्हणजे नुसती काठी. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, पावसाआधी परतायची, आणि दर वेळी आधीपेक्षा वाळलेली असायची. मूल राहत नव्हतं, सासू दुसरी आणायची भाषा करत होती, हे सगळं तूच मला रागारागानं सांगायचीस. ती संगी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, आणि तिचं तोंड गोल होतं. गाल गोबरे आणि डोळे त्यात बुडालेले. मला क्षणभर वाटलं, तूच उभी आहेस.

मी तिच्याकडे जाईपर्यंत ती खाली बसली आणि ओकली. मग आडवीच झाली. बायका धावल्या. 'बहिणीचा धसका घेतलाय पोरीनं,' एक म्हातारी म्हणाली. हात बर्फ, घाम सुटलेला, नाडी लागता लागेना. वनिता, मला दुःखानं कोसळलेली माणसं माहीत आहेत, आणि गोळी एकदम तुटल्यावर कोसळणारीही माहीत आहेत. बाहेरून गोळी मिळत राहिली की अंग स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं. एक दिवस गोळी बंद झाली की माणूस असा पडतो. तिला जीपमध्ये घालून मोखाड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत मी तिच्या कानाशी एकच विचारत होते, 'संगे, कुठली गोळी खात होतीस?'

सलाईन आणि इंजेक्शन गेल्यावर ती बोलली. तुला ती बाय म्हणते. 'बाय द्यायची. दर बाजाराला. ताकदीची गोळी हाय म्हणायची. अर्धी पट्टी माझी, अर्धी तुझी. भूक लागंल, अंग भरंल, मग पोर पण राहील. भूक लागली ताई, खरीच लागली. तोंड भरला माझा. सासू पण गप झाली.' मग आवाज उतरवून म्हणाली, 'कोणाला सांगू नको म्हणालेली. शोभीला तर अजिबात नाय.'

शोभीला तर अजिबात नाय.

मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. तुला आठवतं का गं, तू हॉस्टेलवर होतीस आणि मी घरून डबा आणायचे? मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली पोळी तू उचलायचीस आणि मधोमध फाडायचीस. डबा माझा आणि वाटणी करणारी तू. मी कुरकुरले की तू सांगायचीस, पावसात कणगी रिकामी झाली की तुमची आई आपली भाकरी तुम्हा दोघींत अर्धी अर्धी करते आणि स्वतः पेज पिऊन उठते. ते सांगताना तुला वाईट वाटायचं नाही, अभिमान वाटायचा. तुझ्या घरात प्रेम करायची हीच रीत होती. आपल्या तोंडातलं काढायचं आणि दुसऱ्याच्या तोंडात घालायचं. मला त्या रीतीचं फार कौतुक होतं. मी घरी जाऊन आईला सांगायचे.

पण गोळी ही भाकरी नव्हे, वनिता! अर्धी भाकरी खाऊन माणूस अर्धपोटी झोपतो आणि सकाळी उठतो. अर्ध्या गोळीनं रान पेटतं. आणि ज्या भरल्या तोंडाला तू तब्येत समजलीस, ती त्या औषधाची सूज होती, गुण नव्हता. तुला मी हे सांगितलं होतं. दुकानात, पंख्याखाली, माझ्या हातचा चहा पीत तू हे ऐकलं होतंस आणि आरशात बघून म्हणाली होतीस, 'सूज का असेना, दिसतेय तर बरी.' मला वाटलं, चेष्टा करतेस.

मला राग कशाचा येतो सांगू? तू तिला दिलंस, याचा येत नाही. येतो, पण तो मी गिळू शकते. तू मला साक्षीला उभं केलंस, याचा येतो. मी आयुष्यभर त्या काउंटरमागे एका गोष्टीवर उभी आहे, की माझ्या तोंडून औषधाबद्दल निघालेला शब्द खरा असतो. तू तो शब्द वापरलास. तुझ्या जिवाचा प्रश्न होता तेव्हा वापरलास. पलंगावरून माझ्याकडे बघताना तुला माहीत होतं की मी हो म्हणणार. मला विचारलं असतंस तर संगीला मी दुसरीकडे दाखवलं नसतं का? तिला रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या नसत्या का, तिच्या सासूला येऊन चार शब्द सुनावले नसते का? तू मला विचारलंच नाहीस. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत तू मला फक्त नियम पाळणारी दुकानदारीण समजलीस. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचं तर परकी समजलीस. हे मला सोसत नाही.

आणि तरीही काय करू? सकाळी शटर उघडताना पहिला फोन तुला लावायला हात जातो. माझा नवरा गेला तेव्हा सगळे दहाव्यापर्यंत होते; तू भात लावणी टाकून माझ्याकडे महिनाभर राहिलीस, आणि मी एका शब्दानं बोलावलं नव्हतं. दुकान पुन्हा उघडायला तूच लावलंस. हातात झाडू दिलास आणि म्हणालीस, 'रडायचा तर झाडता झाडता रड.' आज जी काय उभी आहे ती तुझ्यामुळे आहे. हे मी तुला कधी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, पण तू लगेच चेष्टा केली असतीस.

संगीला मी त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. गोळी एकदम बंद करता येणार नाही, थोडी थोडी उतरवायची, म्हणाले. म्हणून आता पाकीट पोशेऱ्याला जातं. पाठवण्याआधी गोळ्या दोनदा मोजते. दर महिन्याला ती स्वतः येऊन दाखवून जाते. तोंड उतरायला लागलंय. जुनी संगी हळूहळू खालून वर येतेय. पोशेऱ्यात बायका म्हणतात, बहिणीच्या दुःखानं पोर वाळली. सासूसुद्धा तिला बसवून वाढते म्हणे, दुसरीची भाषा सध्या बंद आहे.

परवा ती दुकानात आली, स्टुलावर बसली. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं विचारलं.

'ताई, ही गोळी बायच्या आजाराचीच होती ना?'

'कुणी सांगितलं तुला?'

'कोणी नाय. तिच्या उशाशी होती ती पट्टी अशीच होती.' तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. 'माझ्यापायी तिला कमी पडली का?'

मी तिच्याकडे बघितलं. तिच्यापुढे अजून सगळं आयुष्य आहे. मी म्हटलं, 'नाही गं. तिची मुख्य गोळी वेगळी होती, ती तुझी बाय पुरी घेत होती. ही तिच्याकडे उरायची, म्हणून तुला द्यायची.'

चटकन म्हटलं, न अडखळता. माझ्या काउंटरवर, औषधाबद्दल, पहिल्यांदा खोटं.

संगीनं डोळे मिटले आणि खांदे सोडले. 'मग बरा,' म्हणाली. मी तिला पाणी दिलं, तिनं माझ्यासमोर गोळी घेतली आणि दोन वाजताच्या गाडीला गेली. ती पुन्हा विचारेल, आणि मी पुन्हा तेच सांगेन. म्हातारी होईपर्यंत सांगेन. तुला मी माफ केलेलं नाही, वनिता. पण ती विचारायला येईल तेव्हा मी काय उत्तर देणार, हे तुला गोळ्या वाटतानाच माहीत होतं.